रिकाम्या गावाची हवा

साकवणी गाव दर चार वर्षांनी पळून जातं. मार्गशीर्षात देव रवळनाथाला कौल लावायचा, देवाने होकार दिला की माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, झाडून सगळ्यांनी तीन दिवस आणि तीन रात्री शिवेबाहेर राहायचं. गावात दिवा नाही, चूल नाही, माणसाचा आवाज नाही. याला गावपळण म्हणतात. का करायची, याचं उत्तर प्रत्येक घरात वेगळं मिळतं. कोणी म्हणतं ते तीन दिवस गाव देवाचं असतं, कोणी म्हणतं भुतांचं, आणि कॉलेजात शिकलेली पोरं म्हणतात जमिनीला तेवढीच विश्रांती. करायची मात्र सगळ्यांना असते, कारण वहाळापलीकडे, म्हणजे ओढ्याच्या पल्याड, झावळ्यांच्या झोपड्यांत जी मजा येते ती मुंबईहून आलेल्या चाकरमान्यालाही घरच्या गादीवर येत नाही.

आता काळ बदलला तशा अडचणीही नवीन आल्या. गेल्या खेपेला सरपंचांच्या घरातलं फरशी पुसणारं यंत्र रिकाम्या गावात आपोआप सुरू झालं आणि तीन दिवस एकटंच फिरत राहिलं. त्याबद्दल देवापुढे नारळ ठेवून माफी मागावी लागली. या खेपेला अडचण होती देवळामागच्या टेकडीवरच्या खांबाची.

गावकरी त्या खांबाला नाक म्हणत. सरकारी नाव बरंच लांब होतं, पण काम नाकाचंच होतं. खोऱ्यातल्या हवेत कुठला वायू किती आहे आणि तो कोणाच्या अंगणातून आला, हे ते रात्रंदिवस हुंगत बसायचं. असे खांब खोऱ्यात पाच होते आणि ते सगळे तालुक्याच्या हवाकेंद्रातून मयुरा चालवायची. मयुरा याच गावची. मानकऱ्यांनी बैठक बोलावली तेव्हा केंद्राने तिलाच पाठवलं, गावची पोर आहे तर गाव ऐकेल या हिशेबाने.

गावाने काही ऐकलं नाही. सभामंडपात सगळ्यात वयस्क मानकरी तातू गावकर पाय दुमडून बसले होते. मयुराने समजावून सांगितलं की खांब बंद ठेवला तर तीन दिवसांची नोंद तुटेल. तातूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "माणूस नाय, ढोर नाय, कोंबो नाय. मगे तुझा नाक एकटाच जागा कित्याक?"

मयुराने पुढे हट्ट धरला नाही. तीही याच देवळाच्या पायऱ्यांवर वाढलेली. खांब तीन दिवस बंद करून वर कापड बांधायचं ठरलं आणि बैठक उठली.

बैठकीत तिचा भाऊ बाबलही होता. तो मंडपाच्या एका खांबाला टेकून बसला होता आणि सबंध वेळ त्याने तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. दसऱ्यापासून तो तिच्याशी बोलत नव्हता. घरी गेली तरी त्याचं बोलणं आईमार्फत, आणि आई स्वयंपाकघरात असली तर कुत्र्यामार्फत. "मोत्या, पावण्यांका सांग पाणी तापला," असं तो म्हणायचा, आणि मोत्या बिचारा दोघांकडे आळीपाळीने बघायचा. पहिल्यांदा मयुराला हसू आलं होतं. हल्ली तिला मोत्याचीच कीव येई.

भांडण नाकावरून झालेलं होतं. बाबलची विटांची भट्टी होती, वडलांच्या वेळची, खाडीकाठच्या मातीवर चालणारी. आणि वर सड्यावर, जांभ्या दगडाच्या उंच माळावर, गावाच्या ईशान्येला, सहा वर्षांपूर्वी एक कारखाना आला होता. मोटारींच्या म्हाताऱ्या झालेल्या बॅटऱ्या फोडून त्यांतले धातू परत काढायचे, असा त्याचा धंदा. काम चांगलंच होतं. पण बॅटरीत जे क्षार असतात त्यांना दमट हवा लागली की हायड्रोजन फ्लोराइड नावाचा वायू सुटतो. घशाला झोंबतो आणि आंब्याच्या पानांच्या कडा जाळून टाकतो. गंमत अशी की वीट भाजतानाही हाच वायू निघतो, कारण मातीत फ्लोराइड मुळातच असतं. गावातल्या कलमांची पानं दोन वर्षं कडेने करपत होती, मोहोर गळत होता, आणि गाव कारखान्याकडे तर कारखाना भट्टीकडे बोट दाखवत होता.

ते बोट कोणाचं खरं, हे ठरवायलाच नाक आलं होतं. धुराड्यात नळी घालून आतला धूर क्षणाक्षणाला मोजणारी यंत्रं फार जुनी. त्यांची खोट अशी की ती धुराड्यातून जाणाराच धूर मोजतात. जो वायू छपराच्या फटीतून किंवा मागच्या अंगणातून निसटतो त्याचा त्यांना पत्ता नसतो. म्हणून हे खांब. एका खांबावरून डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडायचा आणि समोरच्या टेकडीवरच्या आरशावरून तो परत घ्यायचा. वाटेतला प्रत्येक वायू त्या प्रकाशातले आपले ठरलेले रंग तेवढे गिळतो. परत आलेल्या प्रकाशात कुठले रंग कमी भरले ते पाहिलं की कोणता वायू किती आहे ते कळतं. मग वाऱ्याची दिशा, उन्हाचा चढ-उतार आणि टेकड्यांचा उतार जमेस धरून संगणक सांगतो, यात अमक्याचा वाटा इतका आणि तमक्याचा तितका. ज्याचा वाटा मर्यादेबाहेर जाईल त्याच्या धंद्याला कुलूप. भट्टीला हवा पुरवणारा पंखा केंद्रातूनच बंद व्हायचा, माणूस पाठवायचीही गरज नव्हती.

आता तराजूने काही तोलायचं तर आधी रिकाम्या पारड्यांचा पासंग काढावा लागतो. या यंत्राचंही तसंच असतं. दोन वर्षांपूर्वी, नाक नवीन असताना, मयुराने तो काढला होता. कारखाना वार्षिक दुरुस्तीसाठी बंद झाला तेव्हा तिने मोजमाप घेतलं. कारखाना बंद, तरीही हवेत फ्लोराइड होतं. म्हणजे ते गावाचं, भट्टीचं. तेच तिने संगणकाला शिकवलं. तिच्या वरिष्ठ इनामदार मॅडम त्या वेळी म्हणाल्या होत्या, खरं तर उलटंही करून पाहायला हवं, कारखाना चालू आणि गाव बंद, पण गाव कसं बंद करणार? दोघी हसल्या होत्या आणि विषय तिथेच संपला होता.

दसऱ्याच्या आधी भट्टीचा वाटा मर्यादेबाहेर गेला आणि कुलूप लागलं. बाबल चिडला, पण बहिणीवर नाही. कायदा आहे, म्हणाला, बघू काय करता येतं ते. खरी गडबड पुढेच झाली. कुलूप लागल्यावरही आकडा खाली येईना. भट्टी थंड, आणि नाक सांगतंय भट्टी पेटलेली आहे. केंद्रात कुजबुज सुरू झाली की पंख्याला कुलूप असलं तरी लाकडं घालून चोरून विटा भाजणं काही अवघड नाही. तिसऱ्यांदा असं दिसलं तर परवाना कायमचा जातो. दोनदा दिसून झालं होतं.

तेव्हा ऐन दसऱ्याला मयुरा मुद्दाम घरी आली आणि तिने भावाला अंगणात गाठून विचारलं, "दादा, खरा सांग. भट्टी पेटवलंस?"

बाबलने खांद्यावरचा टॉवेल झटकला. मग म्हणाला, "तुझ्या यंत्राकच ईचार."

ते त्याचं तिच्याशी शेवटचं बोलणं. लहानपणी आमटीत मीठ जास्त झालं तरी जो तोंडावर सांगायचा, खोटं बोलायचं म्हटलं की ज्याचे कान लाल व्हायचे, त्याला आपण हे विचारलं, हे मयुराला परत जाताना बसमध्येच बोचलं होतं. पण आकडे तर समोर होते. तिने स्वतः शिकवलेले.

गावपळणीच्या दिवशी सकाळपासून साकवणीचा रस्ता फुलून गेला. टेम्पोत गाद्या, टोपल्यांत कोंबड्या, दोरीला बकऱ्या, आणि गुरांच्या मागे हातात काठी घेऊन तातू. मयुराने रजा टाकली होती. तिने टेकडीवर जाऊन खांब बंद केला, वर आईची जुनी साडी गुंडाळली आणि घरी आली. आई चुलीवर पाणी शिंपडत होती. निखारे चरचरले, शेवटचा धूर वर गेला आणि आईने दाराला कडी लावली.

वहाळापलीकडे, गावाच्या पश्चिमेला, झोपड्या आदल्या दिवशीच उभ्या राहिल्या होत्या. दुपारी उघड्यावर भात शिजला, कोणी गाणी म्हणू लागलं, पत्ते निघाले. मयुरा हात धुवायला वहाळावर गेली आणि सहज समोर पाहिलं. माडांमागे अख्खं गाव दिसत होतं. एकाही घरातून धूर येत नव्हता. रस्त्यावर गाडी नाही, शेतावर पंप नाही, भट्टी तर केव्हाचीच थंड. सगळं बंद.

गाव बंद कसं करणार, असं मॅडम म्हणाल्या होत्या, आणि आपण हसलो होतो. मयुराचा ओला हात तसाच राहिला. जे गाव दर चार वर्षांनी स्वतःहून बंद होतं त्याच गावात ती जन्मली होती, आणि हसताना हे तिला आठवलंसुद्धा नव्हतं. गावपळण म्हणजे आजी, झोपड्या, पत्ते. ती केंद्रातल्या कामाच्या जवळपासही कधी फिरकली नव्हती.

आता गावात कोणीही नव्हतं. तरीही हवेत फ्लोराइड असेल, तर ते बाबलचं असणं शक्य नव्हतं. आणि ते बघायचं एकमेव यंत्र तिने स्वतःच्या हाताने आईच्या साडीत गुंडाळून ठेवलं होतं. बाकीचे चार खांब खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, त्यांचा प्रकाश गावापर्यंत पोचत नव्हता. पुन्हा असा मोका यायला चार वर्षं. परवान्याची सुनावणी तर पुढच्याच आठवड्यात होती.

ती तडक तातूंकडे गेली आणि एक बटण दाबण्यापुरती गावात जाऊ द्या म्हणून विनवू लागली. आजूबाजूचे मानकरी जमले. शीव ओलांडायची हे शब्द ऐकूनच बायका उठून जवळ आल्या. तातू रागावले नाहीत, पण मान हलवली.

"नाय, बाये. शिवेच्या आत आता देव आसा, आणि वरसून सूर्य जाता. तिसऱ्या कोणाक जागा नाय."

मयुरा वळली, चार पावलं गेली आणि थांबली. वरून सूर्य जातो. शिकत असताना तिने एक पद्धत वाचली होती, एकदा वापरलीही होती. त्यात आपला प्रकाश पाठवावाच लागत नाही. सूर्याच्या प्रकाशातही ते सगळे रंग असतात. सकाळी सूर्य खाली असतो तेव्हा त्याचे किरण तिरपे येतात, गावावरच्या हवेतून लांबच लांब वाट काढत. आपण पलीकडे उभं राहून ते किरण टिपायचे आणि वाटेत कोणते रंग गिळले गेले ते पाहायचं. वरच्या आकाशातही हा वायू थोडा असतो. तो वजा करायला दुपारचा, डोक्यावरचा सूर्य मोजायचा. आणि वाहनातून सरकत सरकत मोजलं तर वायूचा लोट कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, तेही कळतं. छोटं यंत्र केंद्रातल्या कपाटात पडून होतं.

ती परत आली. "तातूनू, मी शीव ओलांडत नाय. यंत्रय ओलांडणा नाय. सूर्य जाता, तर मी सूर्याकच ईचारतंय."

मानकरी एकमेकांकडे बघू लागले. हे चालतं की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं, पूर्वी असं कोणी विचारलेलं नव्हतं. एकजण म्हणाला, आज सूर्य, उद्या आणखी काय. दुसरा म्हणाला, देवाच्या घरात डोकावणंच झालं ते. चर्चा लांबत चालली. तेवढ्यात मागून बाबलचा आवाज आला.

"ती भायरच रवतली. गाडी मी चलयतंय."

तो तिच्याशी बोलला नव्हता, मानकऱ्यांशी बोलला होता. पण मोत्याशी बोलला नव्हता हेही खरं. तातूंनी त्याच्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि पत्ते पुन्हा हातात घेतले. साकवणीत होकार असाच देतात.

त्याच संध्याकाळी मयुराने तालुक्याला जाऊन ते यंत्र आणलं, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना बाबलचा विटांचा टेम्पो शिवेच्या रस्त्यावर उभा होता. मागच्या फळीवर मयुरा, पुढ्यात दुर्बिणीसारखं यंत्र, मांडीवर आकडे दाखवणारा पडदा. यंत्राची सूर्यामागे आपोआप फिरणारी मोटर कपाटात पडून गंजली होती, त्यामुळे ते हातानेच सूर्यावर धरावं लागणार होतं. रस्ता गावाला पश्चिमेकडून वळसा घालत उत्तरेला कारखान्याच्या खालच्या अंगापर्यंत जात होता. पहाटेचा थंड वारा सड्यावरून गावात उतरत होता. डोंगरामागून सूर्य वर आला आणि टेम्पो हलला.

पडद्यावरची रेघ आडवी होती. रेघ अशीच राहिली तर याचा अर्थ एकच, गाव बंद झालं की वायूही बंद होतो. मग बाबलची भट्टी कायमची गेली, आणि तिच्या प्रश्नाचं उत्तरही मिळालं. तिला ते उत्तर नको होतं. मोजणाऱ्याने असं काही मनात धरू नये हे तिला ठाऊक होतं, तरी नको होतं.

"दादा, हळू चलव."

"हळूच चलयतंय. तू सूर्य धर."

भट्टीच्या रेषेत आले. रेघ आडवीच होती, आणि भट्टी थंड असल्यावर ती तशीच असायला हवी होती. देवळाच्या रेषेतही आडवी. मग बांधाजवळच्या वळणावर ती हलली. आधी किंचित, मग ठळक, मग जिन्यासारखी चढत गेली. मयुराने दोन्ही हातांनी सूर्य धरून ठेवला. तीनशे माणसांचं गाव वहाळापलीकडे आंबोळ्या भाजत होतं, गावात एक काडीसुद्धा पेटलेली नव्हती, आणि गावावरच्या हवेतून फ्लोराइडचा पट्टा वाहत होता. रेघ सगळ्यात उंच गेली तेव्हा तिने डोळ्यांनी तो किरण उलटा मागे नेला. धुराड्याच्या बऱ्याच अलीकडे, कारखान्याच्या पाठीमागे, काळपट पाण्याचं एक उघडं कुंड चमकत होतं.

बॅटरीची ओली भुकटी साठवायचं कुंड होतं ते. आणि मग दोन वर्षांपूर्वीचं कोडं तिला उलगडलं. दुरुस्तीसाठी कारखाना बंद करताना आतल्या नळ्या रिकाम्या करतात, आणि ती सगळी भुकटी याच कुंडात येते. कारखाना बंद होता तेव्हा कुंड काठोकाठ भरलेलं होतं. आपण ज्याला शून्य म्हणालो तोच सगळ्यात जास्त वायूचा आठवडा होता. तो आपण भावाच्या नावावर लिहिला.

टेम्पो थांबला होता. बाबल उतरून मागे आला आणि पडद्याकडे बघू लागला. त्याला रेघ कळली असेल नसेल, बहिणीचा चेहरा कळला. ती रडत होती आणि यंत्र अजून सूर्यावरच धरलेलं होतं.

"दादा, चूक माझी होती. यंत्राक मीच शिकवलंय. आणि तुका ईचारूक नको होता."

बाबलने तिच्या हातातून यंत्र काढून घेतलं आणि तिच्या सांगण्याप्रमाणे सूर्यावर रोखलं. "ईचारलंस ता ठीक," तो म्हणाला. "पण माझा आयकूक होया होता."

तिसऱ्या सकाळीही त्यांनी तोच फेरा मारला, दुपारी डोक्यावरचा सूर्य मोजला, आणि मयुराने इनामदार मॅडमना सगळं कळवलं, स्वतःच्या चुकीसकट. मॅडमनी आकडे पुन्हा एकदा तपासले. मग म्हणाल्या, तुझं गाव बंद होतं हे तू मला तेव्हाच का सांगितलं नाहीस? मयुरा म्हणाली, मला ते माहीत होतं, पण आठवलं नाही. मॅडमनी हे उत्तर मान्य केलं. सगळा हिशेब नव्याने मांडायचा हुकूम निघाला. कारखान्यावर माणसं गेली तेव्हा तिथला व्यवस्थापक खरोखरच गांगरला. त्यांचं सगळं लक्ष धुराड्याकडे, कुंडाकडे कोणी यंत्र रोखलेलंच नव्हतं. महिन्याभरात कुंडावर छप्पर आलं, आतली हवा चुन्याच्या पाण्यातून काढायची सोय झाली, आणि त्या छपरालाच एक छोटं नाक बसलं. बाकीच्या केंद्रांतूनही विचारणा सुरू झाली, तुमच्याकडे अशी बंद होणारी आणखी गावं आहेत का? मयुराने त्यांना सांगितलं की आहेत, पण तारीख देव ठरवतो.

ते सगळं पुढचं. गावपळण संपल्या दिवशी देवाला पुन्हा कौल लावला, होकार आला आणि साकवणी वाजतगाजत घरी परतली. पहिली चूल पेटली, मग दुसरी, आणि अर्ध्या तासात गाव पुन्हा धुरकट झालं. मयुराने टेकडीवर जाऊन खांबावरची साडी सोडली.

पंख्याचं कुलूप निघालं तेव्हा बाबलने भट्टीची पूजा केली आणि मयुराला बोलावून घेतलं. आग धरल्यावर तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"आता माझो वाटो किती, ता सांग."

मयुराने पडदा पाहिला. वाटा होता. लहान होता, मर्यादेच्या बराच खाली, पण होता. क्षणभर तिला वाटलं, सोडून द्यावं, आजच्या दिवशी कशाला. मग तिने आहे तो आकडा सांगितला.

बाबलने मान डोलावली. "माझो आसा तितको माझो." आणि विचारलं की कारखाना चुन्याचं पाणी वापरतो, तर भट्टीला शिंपल्यांचा चुना चालेल का. खाडीत शिंपल्यांना तोटा नव्हता. पुढच्या हंगामात भट्टीच्या धुराच्या वाटेवर शिंपल्यांच्या चुन्याचा थर आला आणि आकडा निम्म्याहून खाली गेला. त्या वर्षी कलमांचा मोहोर टिकला.

मयुरा आजही केंद्रात आहे. पडद्यावर साकवणीचा आकडा कधी हलला की ती आधी फोन उचलते.

"दादा, भट्टी पेटवलंस?"

"पेटवलंय," पलीकडून आवाज येतो. "आताच. बघ तुझ्या यंत्रात."

मग ती बघते.